पहिले दहा किलोमीटर
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



गणपतीसमोरचं भाषण आरतीच्या आधी संपलं पाहिजे, एवढं भान मला आहे. प्रसादाचा वास यायला लागला की माझंही लक्ष राहणार नाही. चिटणीसांनी मला "मॅरेथॉन" असा भला मोठा विषय दिला होता. त्यातला एकच तुकडा मी मागून घेतला आहे. शर्यतीची सुरुवात जोरात केली की पुढे काय होतं, एवढंच आज सांगणार आहे. यामागे कारण आहे. गेल्या हिवाळ्यात आपल्या समाजातले काही तरुण इंदूरला धावायला गेले होते. त्यातला एक जण, तब्येतीने उत्तम, वयाने सत्तावीस, तीस किलोमीटरनंतर रस्त्याच्या कडेला बसला तो उठलाच नाही. गाडीत घालून आणावा लागला. सुदैवाने दोन दिवसांत बरा झाला. पण त्याने बूट माळ्यावर टाकले आणि "हे आपलं काम नाही" असं घरी जाहीर केलं. आज तो इथे आहे, मागच्या रांगेत. नाव सांगत नाही, तो ओळखला गेलाच आहे! त्याचं ते वाक्य मला पटलेलं नाही आणि मुख्यतः त्याच्यासाठी मी बोलतो आहे.

आधी अंतर समजून घेऊ. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. आपल्या टेकडीच्या पायथ्याशी, देवीला नमस्कार करून निघालात आणि आग्रा-मुंबई रस्त्याने थेट इंदूरच्या राजवाड्यापर्यंत धावलात, तरी मॅरेथॉन पुरी होत नाही. राजवाड्यासमोर पोहे-जलेबी दिसत असतील, तरी थांबता येत नाही, अजून थोडं उरतंच. धारकरांसाठी सांगायचं तर धारहून मांडू गाठायचं आणि तिथून परत सात-आठ किलोमीटर यायचं. नालछ्यानंतर रस्ता खोऱ्यात उतरून मांडूच्या दरवाज्यांकडे चढतो, तो तुम्हाला ठाऊक आहे. आपण बसने जातो तेव्हासुद्धा तिथे ड्रायव्हर गिअर बदलतो.

आता देवास-इंदूर रस्ता डोळ्यांसमोर ठेवा. शिप्रा गावच्या पुलापर्यंत, म्हणजे बारा-एक किलोमीटर, सगळे खुशीत असतात. गप्पा चालू असतात, फोटो निघतात. कोणीतरी ओरडतो, "भिया, आज तो उड़ रहे हैं!" मांगलियापाशी गप्पा बंद होतात. इंदूरच्या देवास नाक्यापर्यंत आलं, म्हणजे साधारण तिशीच्या घरात, की त्याच माणसाला आपले पाय दुसऱ्या कुणाचे तरी असल्यासारखे वाटू लागतात. धावणारे याला "भिंत" म्हणतात. भिंत दिसत नाही, पण आपटल्याचं कळतं.

ही भिंत कशाची, याचा हिशोब सोपा आहे. धावताना माणसाला वजनाच्या दर किलोमागे दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी लागते. साठ किलोच्या माणसाला मॅरेथॉनसाठी अडीच हजार कॅलरींची सोय हवी. शरीरात इंधन दोन प्रकारचं असतं. एक साखर, म्हणजे ग्लायकोजेन, जी स्नायूंत आणि यकृतात साठवलेली असते. सराव केलेल्या माणसाकडे ती चारशे-पाचशे ग्रॅम असते, म्हणजे सोळाशे ते दोन हजार कॅलरी. दुसरी चरबी. ती आपल्यातल्या सर्वांत बारीक माणसाकडेही कित्येक मॅरेथॉन पुरेल एवढी असते. (हसू नका, मी कोणाकडेही बघितलेलं नाही.) साखर म्हणजे खिशातली रोकड, चरबी म्हणजे मुदत ठेव. ठेव मोठी असते, पण बँक हळूहळूच पैसे देते. सावकाश धावलं तर शरीर दोन्हीकडून खर्च करतं. वेग वाढवला की त्याला घाईचा पैसा लागतो आणि ते रोकड उडवू लागतं. म्हणजे सुरुवातीच्या जोरात नुसता दम लागत नाही, तर शेवटच्या बारा किलोमीटरांसाठी ठेवलेली साखर पहिल्या दहातच संपते. आपल्या गावात बँक नोट प्रेस आहे, नोटा इथे छापतात, पण तिसाव्या किलोमीटरला खिसा रिकामा झाला की त्याचा काही उपयोग नाही.

मग माणूस असं का करतो? कारण त्या वेळी जोर जोर वाटतच नाही. शर्यतीआधीचे आठ-दहा दिवस विश्रांती झालेली असते. पहाटेची थंडी असते, आणि माळव्यातली जानेवारीची पहाट म्हणजे काय हे इथे सांगायला नको. ढोल वाजत असतात, हजारो माणसं एकदम सुटतात आणि अंगात एक प्रकारचं वारं शिरतं. हाच वेग आठवडाभर आधी सरावात ठेवला असता तर धाप लागली असती, पण त्या दिवशी तो फुकट मिळाल्यासारखा वाटतो. शिवाय वेग तोच ठेवला तरी अंग तापत जातं, घामाने पाणी कमी होतं आणि हृदयाचे ठोके वाढतच जातात. पहिल्या तासात जे सोपं असतं ते तिसऱ्या तासात तेवढंच सोपं राहत नाही, ही गोष्ट अंगाला आधी कळत नाही.

आपल्या मुलाचंच उदाहरण घेऊ, आकडे मात्र सोयीसाठी गोल करतो. साडेचार तासांत पूर्ण करायची होती, म्हणजे दर किलोमीटरला सहा मिनिटं चोवीस सेकंद. समजा पहिले दहा किलोमीटर पावणेसहाने काढले. दर किलोमीटरला एकोणचाळीस सेकंद वाचले, दहा किलोमीटरांत साडेसहा मिनिटांची कमाई झाली. आता तिसाव्यापुढे पाय संपले आणि वेग आठ मिनिटांवर आला. उरलेल्या बारा किलोमीटरांत किती गेली? साडेएकोणीस मिनिटं. साडेसहा मिळवायला साडेएकोणीस दिली, आणि तीही बसून न राहता चालत राहिलात तर. असला व्यवहार आपला एकही दुकानदार करणार नाही.

ही चूक फक्त नवख्यांची नाही. १९०८ सालच्या लंडन ऑलिंपिकची मॅरेथॉन या बाबतीत पाहण्यासारखी आहे. आज आपण जे ४२.१९५ किलोमीटर धावतो ते अंतर त्याच शर्यतीतून आलं. विंडसर किल्ल्यापासून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या बैठकीसमोरपर्यंत तो मार्ग होता, आणि पुढे १९२१ साली तेच अंतर कायम झालं. २४ जुलैचा दिवस, लंडनच्या मानाने कडक ऊन. टॉमस जॅक नावाच्या ब्रिटिश धावपटूने पहिला मैल पाच मिनिटं आणि एका सेकंदात काढला. किलोमीटरचा हिशोब केला तर तीन मिनिटं सात सेकंद. ज्याने शेवटी ती शर्यत जिंकली त्याचा सरासरी वेग किलोमीटरला चार मिनिटं नऊ सेकंद होता. जॅक काही मैलांतच बाहेर पडला. त्याच्या मागोमाग आपल्याच देशातल्या प्रेक्षकांसमोर जोर लावलेले इतर ब्रिटिशही एकामागून एक मागे पडत गेले. मग दक्षिण आफ्रिकेचा चार्ल्स हेफरॉन पुढे गेला. त्याची आघाडी मोठी होती, पण शेवटच्या टप्प्यात तोही ढेपाळला. वाटेत कोणीतरी दिलेली शँपेन त्याने घेतली आणि पोटात गोळे आले, असं सांगतात. हेफरॉन थकलाय हे पाहून इटलीच्या दोरांदो पिएत्रीने जोर मारला, त्याला गाठलं आणि मागे टाकलं. तो स्टेडियममध्ये पहिला शिरला आणि चुकीच्या बाजूला वळला. पुढचे साडेतीनशे मीटर जायला त्याला दहा मिनिटं लागली. पाच वेळा पडला, अधिकाऱ्यांनी हात धरून उठवला, रेषा ओलांडली आणि मदत घेतली म्हणून बाद झाला. दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्राने त्याला सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा कप दिला. सुवर्णपदक मात्र अमेरिकेच्या जॉनी हेजला मिळालं. सुरुवातीला हा मनुष्य पुढच्या घोळक्यात नव्हताच. २ तास ५५ मिनिटं १८ सेकंदांत तो पोहोचला. सुरू केलेल्या पंचावन्न जणांपैकी सत्तावीस जणांनी शर्यत पूर्ण केली.

आता आपल्या माणसाकडे येतो, कारण लंडन दूर आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचं नाव सगळ्यांना माहीत आहे. १९०६ साली सुरू झालेली ही संस्था. तिच्या स्पर्धांना सर दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून आले. तिथे त्यांनी खेड्यापाड्यांतली शेतकऱ्यांची मुलं अनवाणी धावताना पाहिली. ना बूट, ना शिक्षक, ना धावपट्टीची नीट कल्पना, आणि तरी वेळा युरोपातल्या वेळांच्या जवळपासच्या. त्यांच्या मनात आलं की यांना ऑलिंपिकला न्यावं. १९२० साली बेल्जियममधल्या अँटवर्पला भारताचा जो लहानसा चमू गेला, त्यात चार धावपटू आणि दोन पैलवान होते. पैलवानांपैकी रणधीर शिंदे चौथे आले. मॅरेथॉनला दोघे उतरले, बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार. त्या वर्षीची मॅरेथॉन ऑलिंपिकच्या इतिहासातली सर्वांत लांब, ४२ किलोमीटर ७५० मीटर. दातारांना ती पूर्ण करता आली नाही. चौगुले एकोणिसावे आले, २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद.

एकोणिसावे म्हटलं की आपण मान हलवतो आणि पुढे जातो. जरा थांबा. ही वेळ किलोमीटरला चार मिनिटांच्या किंचित आत येते. बारा वर्षांपूर्वी लंडनला हेजने ज्या वेळेत सुवर्णपदक जिंकलं, त्याहून साडेचार मिनिटं कमी, आणि तेही अर्धा किलोमीटर जास्त धावून! हवा वेगळी होती, लंडनला ऊन आणि अँटवर्पला थंड ओलसर हवा, हे मान्य. पण बोटीने विलायतेला गेलेला, परक्या देशात, परक्या थंडीत, परक्या अन्नावर धावणारा बेळगावचा तरुण हे करतो. पहिला आलेला फिनलंडचा हानेस कोलेमाइनेन त्याच्यापुढे अठरा मिनिटं होता. हा कोलेमाइनेन आणि दक्षिण आफ्रिकेचा ख्रिश्चन गिटशॅम अर्ध्या वाटेपर्यंत पुढे होते. गिटशॅम काही साधा माणूस नव्हे, १९१२ सालचा रौप्यपदक विजेता. त्यालाही ती शर्यत अर्धवट सोडावी लागली. नामांकित माणसं रस्त्यात गळत होती आणि चौगुले आपल्या चार मिनिटांनी शेवटपर्यंत गेले. मला विचाराल तर धावणाऱ्या मुलांच्या खोलीत कोणाचा फोटो लावायचा झाला तर मी त्यांचा लावीन. आपल्याकडे पहिल्या तिघांपुढे मोजायची सवयच नाही, म्हणून हे नाव बेळगावबाहेर फारसं कोणाला माहीत नाही.

दुसरं नाव शिवनाथ सिंह. हे बिहारचे, सैन्यातले, अनवाणी धावणारे. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये जगातल्या सर्वोत्तम धावपटूंच्या पुढच्या घोळक्यात ते बराच वेळ टिकून होते. शेवटी अकरावे आले, २ तास १६ मिनिटं २२ सेकंद. दोन वर्षांनी जालंधरला त्यांनी बरोबर २ तास १२ मिनिटांत मॅरेथॉन केली आणि तो राष्ट्रीय विक्रम चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकला. माँट्रिऑलला पुढच्यांबरोबर राहणं चूक होतं का? मला तसं म्हणवत नाही. ऑलिंपिकमध्ये पदकाची आशा धरणाऱ्याने पुढच्यांबरोबर राहायचं नाही तर कुठे राहायचं? ती जोखीम होती, आणि ती घेण्याइतका त्यांचा सराव होता. आपण पदकासाठी धावत नाही, हा मुख्य फरक.

अलीकडचे दोन आकडे सांगून पुढे जातो. केनियाच्या एलिउड किपचोगेने २०२२ साली बर्लिनला विश्वविक्रम केला. पहिला अर्धा भाग ५९ मिनिटं ५१ सेकंद, दुसरा ६१ मिनिटं १८ सेकंद, एकूण २ तास १ मिनिट ९ सेकंद. म्हणजे जगातला सर्वांत शांत डोक्याचा म्हणून ओळखला जाणारा धावपटूसुद्धा पहिल्या भागात जरा जास्तच गेला आणि दुसऱ्यात दीड मिनिट देऊन बसला. पुढच्याच वर्षी शिकागोला केल्विन किप्टमने पहिला भाग ६० मिनिटं ४८ सेकंदांत आणि दुसरा ५९ मिनिटं ४७ सेकंदांत काढला. एकूण २ तास ३५ सेकंद. दुसरा भाग पहिल्याहून वेगवान. हा तरुण काही महिन्यांतच मोटार अपघातात गेला, तो विषय इथे नको.

ही दुसऱ्या पद्धतीची रीत आपल्याला खरं तर नवी नाही. देवासला ख्यालगायन ऐकत मोठी झालेली माणसं समोर बसली आहेत. विलंबित आधी असतो, द्रुत नंतर. आणि याच गावात कुमार गंधर्व क्षयाने आजारी असताना १९४८ साली हवापालटासाठी आले. एक फुप्फुस जवळजवळ कामातून गेलेलं, डॉक्टरांनी गाणं बंद केलेलं, अशी काही वर्षं त्यांनी इथे काढली. पुन्हा गायला लागले तेव्हा जेवढा श्वास आहे तेवढ्याच श्वासाचं गाणं त्यांनी उभं केलं. धावण्याशी याचा संबंध ओढून आणतोय असं वाटेल. पण आपल्याजवळ नक्की किती श्वास आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्याकडून धावणाऱ्याला पुष्कळ शिकता येतं.

नर्मदामाईची परिक्रमा केलेली एक-दोन मंडळीही इथे आहेत. आपल्या दोन्ही जिल्ह्यांना नर्मदा लागते, देवासला नेमावर आणि धारला धरमपुरी. त्यांना विचारा, पहिल्या तीन दिवसांत उत्साहाने चाळीस-चाळीस किलोमीटर चालणाऱ्यांचं चौथ्या दिवशी काय होतं. तळपायाचे फोड घेऊन ते आश्रमाच्या ओसरीवर बसलेले असतात आणि हळू चालणाऱ्या आजीबाई "नर्मदे हर" म्हणत समोरून निघून जातात. आजीबाई म्हटलं म्हणून आठवलं. मोठमोठ्या शर्यतींच्या निकालांचा अभ्यास झालेला आहे आणि त्यात पुन्हा पुन्हा असं दिसतं की स्त्रिया पुरुषांपेक्षा वेग जास्त सारखा ठेवतात, शेवटी कमी ढेपाळतात. टाळ्या फक्त डाव्या बाजूने आल्या, हे मी पाहिलं.

आता कामाचं. सुरुवातीचा वेग कसा ओळखायचा? घड्याळ असेल तर उत्तम, पण घड्याळावाचूनही भागतं. धावता धावता अथर्वशीर्ष म्हणा. गणपती आहेत, पाठ तर सगळ्यांनाच असेल. एक ओळ मध्ये न तोडता म्हणता आली तर वेग ठीक. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर तुम्ही उद्याचे पैसे आज खर्च करताय. पहिले दहा किलोमीटर असे जावेत की बाजूचा म्हणेल, "काका, बरं वाटत नाहीये का?" तो म्हणेल ते ऐकून घ्यायचं. तिसाव्याला तो परत भेटतो.

आणि समजा चूक झालीच, पंधराव्यालाच कळलं की जास्त झालं, तर? लगेच वेग कमी करा, पंचविसाव्याची वाट पाहू नका. पाणी मिळतं तिथे चालत चालत प्या, चालण्यात कमीपणा नाही. गूळ, खजूर, केळं, जे सरावात पोटाला चाललं असेल ते भूक लागायच्या आधी थोडं थोडं खा. शर्यतीच्या दिवशी नवीन काही खाऊ नका, हेफरॉनची शँपेन आठवा. घामाबरोबर मीठ जातं, म्हणून नुसतं पाणीच पाणी ढोसत राहणंही धोक्याचं आहे. मिठाचं काहीतरी हवं. पाय जड होणं वेगळं आणि छातीत दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, बोलणं अडखळणं वेगळं. पहिल्यात हळू जायचं, दुसऱ्यात तिथल्या तिथे थांबून मदत मागायची. चाळिशीपुढच्यांनी सरावाला लागण्याआधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्यावी. "मला काय झालंय" हे उत्तर मी ऐकणार नाही.

मागच्या रांगेतल्या आपल्या दादाला आता एवढंच विचारतो. तू तीस किलोमीटर धावलास. राजवाड्याचा हिशोब धरला तर देवासहून इंदूरच्या हद्दीत पायी पोहोचलास, आणि तेही चुकीच्या वेगाने. मग "हे आपलं काम नाही" हे कोणत्या आकड्यावरून ठरवलंस? तुझ्या पायांचा दोष नव्हता, पहिल्या तासाचा होता. तो दुरुस्त करायला नवे पाय लागत नाहीत.

अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारपासून पहाटे साडेपाचला टेकडीच्या पायथ्याशी आम्ही जमतो आहोत. धारकरांनी मुंज तलावाच्या काठी जमायचं ठरवलं आहे. पहिला महिना कोणीही पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही आणि कोणीही कोणाच्या पुढे जायचं नाही. धावून झाल्यावर पोहे आहेत, जलेबी एकच मिळेल. वहिनी, काकू, तुम्हीही या, निदान आम्हाला वेग शिकवायला. माळ्यावरचे बूट उतरवताना धूळ झटकून घ्या. चिटणीस घड्याळ दाखवताहेत आणि घंटाही हातात घेतली गेली आहे, तेव्हा मी बसतो. नमस्कार.